साडेसहाची लिस्ट

१

आमच्या घरात सकाळी साडेसहाला लिस्ट होते. आधी दादा सुट्टीवर असला तरच व्हायची, म्हणजे वर्षातून दोन महिने. आता रोज होते.

ही सवय दादाची. साईनाथदादा हवाई दलात फ्लाइट इंजिनिअर होता, मालवाहू विमानावर. लोकांना वाटायचं, इंजिनिअर म्हणजे खाली जमिनीवर पाना घेऊन उभा राहणारा. दादा विमानाबरोबर उडायचा. पुढे दोन पायलट बसतात आणि त्यांच्या मधोमध, जरा मागे, एक लहानशी सीट असते, ती त्याची. पायलट बाहेर बघतात, दादा काट्यांकडे बघायचा. तेल किती तापलंय, इंधन किती उरलंय, दोन्ही इंजिनं एका सुरात आहेत की नाहीत. सूर तर तो काट्याकडे न बघताही सांगायचा. मी आठवीत शाळा सोडली आणि ठाकुर्लीला गॅरेजात लागलो, तेव्हा सगळे ओरडले, दादा ओरडला नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, हे त्याने शिकवलं. आजही बाइकचं काय बिघडलंय ते मी असंच ओळखतो.

विमान सुरू करायच्या आधी लिस्ट होते. एक जण एकेका वस्तूचं नाव घेतो. ती वस्तू ज्याच्या ताब्यात, त्याने तिच्याकडे बघायचं, बोट लावायचं आणि ती कशी आहे ते बोलायचं. 'हो', 'ठीक आहे' असलं उत्तर चालत नाही. बंद असेल तर 'बंद'च म्हणायचं. त्यांच्या विमानात नावं घ्यायचं काम दादाचं होतं. बर्फाच्या डोंगरांमधून चौक्यांवर रॉकेल आणि तांदूळ पोचवणारा माणूस, त्याला घरी आल्यावरही चैन पडायचं नाही. पहिला माणूस घराबाहेर पडायच्या आधी तो पॅसेजमध्ये उभा राहायचा. आमची बिल्डिंग जुनी, विजेचा मीटर अजून घरातच आहे. त्या मीटरच्या काचेवर तो नखाने दोनदा टकटक करायचा. विमानात काटा अडकला तर असं करतात. आमच्या मीटरला काटा नाही, आकडे आहेत. तरी करायचा.

"नळ?"

"बंद."

"गॅस?"

"बंद."

"गीझर?"

"बंद."

"माणसं?"

"पाच." आई, संचितावहिनी, त्यांची मुलगी रुचिता, दादा आणि मी.

"दार?"

"बंद."

मग तो म्हणायचा, "लिस्ट पूर्ण." आणि कडी काढायचा. त्यानंतर ज्याला जिथे जायचं त्याने जावं.

उत्तरं द्यायचं काम माझं. मी हॉलमध्ये झोपायचो. एकदा थंडीत गादीवरून उठायचा कंटाळा आला म्हणून पडल्यापडल्याच गॅस बंद म्हणालो. तिकडे दूध उतू चाललेलं. वहिनी हसायला लागली. दादा हसला नाही, चिडलाही नाही.

"मयूर, न बघता दिलेलं उत्तर पण उत्तरच असतं," तो म्हणाला. "समोरचा ते खरं धरतो आणि पुढे जातो."

आणि पुन्हा नळापासून सुरू केलं.

२

दादा विमान पडून गेला नाही. हे मला फार लोकांना सांगावं लागलं.

विमान नीट उतरलं. जागेवर येऊन थांबलं. इंजिनं बंद केल्यावरही एक लिस्ट असते. दादाने पंपाचं नाव घेतलं, पायलटने बघून सांगितलं, बंद. पुढचं नाव आलंच नाही. दोघं पायलट थांबून राहिले, कारण थांबायचं असतं. इंजिनिअर एखाद्या काट्याकडे जास्त वेळ बघत असेल तर त्याला घाई करत नाहीत. मिनिटभराने एकाने मागे वळून बघितलं. दादा सीटवर नीट बसलेला होता, पट्टा लावलेला, हेडफोन कानावर. डोक्यातली नस फुटली म्हणाले. एक्केचाळीस वर्षांचा होता.

रिटायर व्हायला आठ महिने होते. फ्लाइट इंजिनिअर पहिल्यांदा एकटा काट्यांचं पॅनल सांभाळून उतरला की त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात आणि अख्ख्या युनिटला जिलेबी त्याच्याकडून. नोकरी संपते त्या दिवशी परत पाणी, पण मोठ्या पाइपने. "ह्या वेळी तूच धर पाइप, तुला यायला परवानगी काढतो," असं दादा मला म्हणालेला. नवीन विमानांमध्ये त्याची सीटच नाही, कॉम्प्युटर आहे. "माझ्यामागे हे काम करणारे फार उरणार नाहीत रे," असंही म्हणायचा, पण वाईट वाटून नाही. ढग जाताना बघावेत तसं.

झेंडा गुंडाळलेली पेटी ठाकुर्लीला आली. त्याच्याबरोबरची पाच-सहा माणसं आली. विमानातून दादा नेहमी शेवटी उतरायचा आणि उतरल्यावर विमानाच्या पोटावर तळहात ठेवायचा. त्या सगळ्यांनी तसा एकेक करून पेटीवर तळहात ठेवला. स्मशानातून परत येताना खालच्या मजल्यावरचा धनेश कोणाला तरी म्हणाला, "आजारानेच गेला ना, मग शहीद कसा?" मी त्याच्या तोंडात मारली. दोनदा. लोकांनी धरलं नसतं तर आणखी मारलं असतं. दुसऱ्या दिवशी आईने मला त्याच्या घरी माफी मागायला पाठवलं. मी गेलो, दारात उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

त्याची ट्रंक आली. निळा ओव्हरऑल, हेडफोन, चहाचा थर्मास. आईने ती कॉटखाली सरकवली. मग पाहुणे गेले, तेरावा झाला आणि घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झाला की मला दचकायला व्हायचं.

३

विसावा दिवस असेल. उजाडलेलं होतं. मी गादीवर भिंतीकडे तोंड करून झोपलेलो. आई, वहिनी आणि रुचिता आत बेडरूममध्ये.

काचेवर टकटक झाली. दोनदा.

"नळ?"

"बंद," मी म्हणालो.

"गॅस?"

"बंद."

मला पूर्ण जाग नव्हती. मी कोणाशी बोलतोय हा प्रश्नच डोक्यात आला नाही. अठरा-वीस वर्षं तोंडाला सवय. लहानपणी त्याने विचारायचं आणि मी सांगायचं, हाच आमचा खेळ होता.

"गीझर?"

"बंद."

"माणसं?"

"पाच."

"दार?"

"बंद."

आणि मग मी 'लिस्ट पूर्ण' ऐकायची वाट बघत पडून राहिलो. ते आलं नाही. वाट बघता बघता मला जाग आली. दादा नाही हे आठवलं. जे बोललो ते सगळं पण आठवलं.

मी वळलो नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. भिंतीकडे तोंड करून तसाच पडून राहिलो. मग वहिनी उठून आली, किचनमध्ये भांडी वाजली, तेव्हा वळून बघितलं. पॅसेज रिकामा होता. मीटरचा आकडा पुढे सरकत होता, रोज सरकतो तसा.

माझं शिक्षण नाही, पण डोकं आहे. झोपेत माणूस बोलतो. मी झोपेत बोललो असेन आणि प्रश्न पण मीच विचारले असतील. टकटक म्हणजे कबुतर. आमच्या खिडकीवर कबुतरं बसतात. हे सगळं मी दात घासताना स्वतःला समजावलं आणि ते पटलं.

पण एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मला बरं वाटलं. वीस दिवसांत पहिल्यांदा मी गॅरेजात गेलो, तीन गाड्या खोलल्या, मालकाशी मस्करी केली. आईने दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या. वहिनीने केस विंचरले. संध्याकाळी रुचिताने शाळेची कविता म्हणून दाखवली, सगळी. मी विचार केला, झोपेत बोलून घर एवढं सुधारत असेल तर रोज बोलावं.

४

रोज झालं. साडेसहाला टकटक, मग आवाज. दादाचाच आवाज, हेडफोनवर बोलून बोलून जसा सपाट झालेला तसा.

मी वळून बघत नव्हतो. बघितलं तर तो जाईल अशी मला खात्री होती. का, ते माहीत नाही. पण न बघता उत्तर देणं बरोबर नाही हेही माहीत होतं, म्हणून मी एक युक्ती केली. झोपायच्या आधी नळ, गॅस, गीझर सगळं बोट लावून बघायचो. सकाळी सगळ्यांच्या आधी मी जागा असायचो, कोणी काही चालू केलेलं नसायचं. मग भिंतीकडे तोंड करून दिलेली उत्तरं पण खरीच होती. एक सोडून.

तो महिना चांगला गेला. हे कोणाला सांगितलं तर वेडा म्हणतील, पण भाऊ गेल्यानंतरच्या महिन्यात मी सुखात होतो. आईची साखर उतरली. वहिनी एकदा टीव्ही बघताना हसली आणि हसल्याबद्दल तिला वाईट वाटलं नाही. मी दारू पित नाही, पण भांडण करायचो, तेही थांबलं. धनेशला जिन्यात बघून मीच म्हणालो, "काय धन्या, झालं का जेवण?" तो घाबरून भिंतीला चिकटला.

रुचिता एकदा म्हणाली, "काका, तू सकाळी पाच-पाच काय करतोस?"

"पाढे म्हणतो."

"पाचाचा पाढा एवढाच असतो का? पुढचा येत नाही तुला?"

"आठवी नापास आहे मी."

"नापास नाही, पळालेलास. आजीने सांगितलंय," ती म्हणाली.

जेवायला बसलो की जागा कमी पडायला लागली. चौघं बसायचो, तेवढ्याच जागेत, तेच पाट. पण हात लांब केला की कोणाला तरी लागेल असं वाटून मी आखडून घ्यायचो. आई पण आखडून बसायला लागलेली. एकदा तिने वाटी सरकवली आणि म्हणाली, "जरा सरकून बस की." मी विचारलं, "मला म्हणतेस?" तिने ताट स्वतःकडे ओढलं. मग म्हणाली, "तुलाच. आणखी कोणाला?"

'लिस्ट पूर्ण' मात्र कधी ऐकू आलं नाही. दार बंद म्हणालो की सगळं थांबायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. लिस्ट पूर्ण झाली की विमान जातं. अर्धवट राहिलेली मला चालणार होती.

५

हरिहर साहेब रविवारी सकाळी मोसंबी घेऊन आले. तेही फ्लाइट इंजिनिअर, दादाला ज्यांनी शिकवलं ते. रिटायर होऊन विठ्ठलवाडीला राहतात. दादाच्या पहिल्या उड्डाणानंतर बादली त्यांनीच ओतलेली.

आई आणि वहिनी आत गेल्यावर मी त्यांना सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

ते हसले नाहीत. मला वाटलेलं, हसतील. हातातलं मोसंबं त्यांनी सोलायचं थांबवलं.

"तू उत्तर दिलंस?"

"रोज देतो."

"बघून?"

"नळ, गॅस रात्री बघून ठेवतो."

"ते नाही विचारत. माणसं किती सांगतोस?"

"पाच."

"मोजलीस?"

मी मोसंब्यांची पिशवी बाजूला सरकवली.

"अरे, मोजलीस का? डोळ्यांनी?"

"दादा धरून पाच, साहेब. आधीपासून पाचच सांगतो ना."

साहेबांनी सालं रुमालात बांधली, खूप व्यवस्थित, गाठ मारून. "आमच्यात नवीन पोरं ही एकच चूक करतात," ते म्हणाले. "काल होतं तेच आज सांगतात. बाकी कुठल्याही वस्तूचं चुकलं तर काटा दाखवतो. माणसांना काटा नसतो. तू पाच म्हणालास की विचारणारा पाच धरतो. मग ती पाच कोण, ते त्याचं तो बघतो."

"दादाच विचारतो, साहेब. आवाज त्याचा आहे."

"असेल बाबा. मी नाही म्हणत नाही." ते दाराकडे बघत होते. "दार उघडतं ना नीट?"

"उघडतं की. न उघडायला काय झालं?"

"विमान मध्ये कुठे उतरलं आणि कोणी पाय मोकळे करायला खाली गेला तर आकडा बदलत नाही. तो परत येणारच असतो. पण सामान घेऊन कोणी उतरला तर नवीन आकडा विचारतात. तो मिळेपर्यंत दार उघडत नाहीत." ते उठले. "एक कर, मयूर. उद्या उठून बस, वळ आणि मोजून सांग. चार असतील तर चार सांग. तुला जड जाईल. तरी सांग."

"म्हणजे दादाला घालवू?"

"साईनाथ आहे की नाही ते आधी बघ तरी."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना काय बोललो ते लिहीत नाही. बापाच्या वयाचा माणूस, मोसंबी घेऊन आलेला. बाहेर पडल्यावर त्यांनी आमच्या दारावर तळहात ठेवला, ते बंद केलं आणि गेले.

६

वहिनीने निघायचं ठरवलेलं, ते मला पंधरा दिवस आधी सांगितलेलं. बाळकुमला तिचा भाऊ राहतो. तिथेच एका क्लिनिकमध्ये तिला काम मिळालेलं, रुचिताला जवळच्या शाळेत प्रवेश.

"कायमची जात नाहीये मी," ती म्हणाली. "पण इथे राहिले तर मी नुसती बसून राहीन, मयूर. सकाळी उठते आणि असं वाटतं की कोणीतरी जागा धरून बसलंय. मला श्वास घ्यायला होत नाही ह्या घरात."

"मग मोठं घर घेऊ. मी ओव्हरटाइम करतो."

"घर लहान नाही रे."

मी चिडून गॅरेजात गेलो आणि एका बाइकची टाकी लाथेने आत घातली. नुकसान भरून द्यावं लागलं. पण संध्याकाळपर्यंत माझा राग गेला. वहिनी अजून तिशीत आहे, तिचं पण बरोबर होतं. मी स्वतः जाऊन दोन मोठ्या बॅगा आणल्या आणि रुचिताची पुस्तकं बांधून दिली.

जायचं सकाळी सातला ठरलं. रिक्षा खाली येऊन थांबली. आई हॉलमध्ये दिवाणावर बसलेली, पदर तोंडाला लावून. वहिनी आईच्या पाया पडली. बॅगा दारापाशी नेल्या. मी कडी काढली.

दार उघडलं नाही.

कडी निघालेली होती, मला दिसत होती. लॉक फिरत होतं. दार चौकटीत हलत पण नव्हतं, भिंतीचाच एक भाग असल्यासारखं. मी खांदा लावला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पण तेव्हा मे महिना होता. स्क्रू ड्रायव्हर आणून वरची पट्टी सैल केली, बिजागऱ्यांना तेल सोडलं. रोज चारदा उघडणारं दार. खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"काका, लवकर कर ना," रुचिता म्हणाली. तिने वहिनीचा ड्रेस मुठीत धरलेला.

वहिनीने दारावर हात आपटले. धनेशला हाक मारली, मोठ्याने. खाली त्याच्या घरातला टीव्ही आम्हाला ऐकू येत होता. आमची हाक मात्र कोणाला ऐकू गेली नाही. मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडलेला.

"मयूर, काय केलंयस तू?"

पॅसेजमध्ये काचेवर टकटक झाली. साडेसहा कधीच होऊन गेलेले होते. त्या दिवशी बॅगांच्या गडबडीत लिस्ट झालीच नव्हती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

नळ, गॅस, गीझर, काही नाही. एकच प्रश्न आला.

"माणसं?"

७

उतरणाऱ्या दोघी. त्या धरायच्या नाहीत. आई एक. मी दोन.

दोन म्हणालो असतो तर सगळं मिटलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दार उघडलं असतं. दोन ऐकल्यावर कदाचित 'लिस्ट पूर्ण' पण ऐकू आलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला नुसता फ्रिजचा आवाज. माझ्या जिभेवर दोन आलेलं होतं.

आणि मी वळून बघितलं.

मीटरजवळ दादा उभा होता. पाठमोरा. निळा ओव्हरऑल, खांद्यावर घडीच्या रेघा तशाच, ट्रंकेत पडलेल्या. डोक्यावरच्या केसांमध्ये हेडफोनची पट्टी बसून पडतो तो खळगा. मान जराशी डावीकडे कललेली, इंजिन ऐकताना कलते तशी. काचेवर त्याचं एक बोट टेकलेलं होतं. फार वेळ बघितलं नाही मी, दोन श्वास. पण मोजायला तेवढं पुरतं.

मला रडू आलं नाही. उलट आतून सगळं जागेवर बसल्यासारखं वाटलं. बघून सांगायचं होतं, मी बघितलं होतं. तीन.

मी तोंड उघडलं तेवढ्यात परत विचारलं गेलं.

"माणसं?"

आवाज दादाकडून आला नाही. तो पॅसेजच्या शेवटाकडून आला, किचनमधून. आवाज दादाचा होता. समोर पाठ पण दादाची होती. दोन्ही एकाच माणसाचं असायला हवं होतं आणि त्यांच्यामध्ये आठ पावलांचा अंधार होता. दादा हलला नाही. त्याचं बोट काचेवरच होतं. नाव घेणारा बोट लावत नाही. उत्तर देणारा लावतो. तोही माझ्यासारखाच प्रश्न ऐकत उभा होता.

विचारणारा मला दिसला नव्हता. म्हणून मी त्याला धरलं नाही.

"तीन," मी म्हणालो.

किचनमध्ये काही वाजलं नाही. पुढचं 'दार?' आलं नाही. "माणसं?" परत आलं, तितकंच सपाट, पण जवळून. तेव्हा दादाने काचेवर नखाने टकटक केली, दोनदा, घाईने. माझ्या मागे दार सुटलं. जिन्यातली हवा पाठीला लागली.

"जा," मी म्हणालो. "वहिनी, जा. बॅगा राहू देत, मी टाकतो खाली."

ती रुचिताला उचलून धावत उतरली. तिने मागे वळून बघितलं नाही. मी बॅगा नेऊन रिक्षात ठेवल्या, रुचिताच्या डोक्यावरून हात फिरवला. वर आलो तेव्हा आई तिथेच दिवाणावर बसलेली होती आणि पॅसेज रिकामा होता. खाली जाऊन तसाच निघून गेलो असतो तर चाललं असतं. पण आई वर होती. आणि दादा.

८

बाळकुमला त्यांचं चांगलं चाललंय. वहिनी फोनवर मोठ्याने बोलते, पूर्वी बोलायची तशी. रुचिताला तिथे मैत्रीण मिळाली. त्या दोघी बाहेर पडल्या ह्याचं मला समाधान आहे. त्या सकाळी मी एवढं एक काम नीट केलं.

आम्ही पण मजेत आहोत. आता मी भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. साडेसहाला दादा मीटरजवळ असतो, पाठमोरा, आणि मी त्याच्याकडे बघत पडतो. आईला दिसतो की नाही माहीत नाही. मी विचारलं नाही. ती पॅसेजमधून जाताना एका बाजूने जाते.

हरिहर साहेबांचं बोलणं मला आता कळतं. महिनाभर मी पाच म्हणत होतो आणि मनात पाचवा दादा होता. किचनमधल्याने पाचवा स्वतःला धरलेलं. पाच म्हटलं की त्याचं भागायचं. तीन म्हटलं की भागत नाही.

"माणसं?"

"तीन."

"माणसं?"

"तीन."

दार तो विचारतच नाही. त्या दोघी गेल्याला तीन दिवस झाले, तेव्हापासून दार उघडलेलं नाही. ह्या वेळी दादाची टकटक पण चालत नाही, त्याने पुष्कळ केली. गॅरेजवाल्याचे फोन येतात. मी म्हणतो, आईला बरं नाही. हरिहर साहेबांनाही फोन केला, माफी मागितली. ते म्हणाले, येतो. काल येऊन गेले असतील. खाली धनेशशी बोलताना त्यांचा आवाज आला, मग जिन्यात पावलं आली, आमच्या मजल्यावरून वर गेली, परत खाली गेली. त्यांना आमचं दार सापडलं नाही असं दिसतं.

घरात तांदूळ आहे, डाळ आहे. किचनमध्ये आई सातनंतरच जाते. ती म्हणाली, "सगळे घरी आहेत तेच बरं." तिच्या चेहऱ्यावर मी इतकी शांती कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

आज सकाळी तिसऱ्यांदा तीन म्हणालो तेव्हा दादाने मान हलवली. वळला नाही. पाठमोराच, सावकाश, डावीकडे आणि उजवीकडे. मी काय ठरवतोय ते त्याला कळलं असणार. तो नको म्हणत होता.

पण असं रोज अडून किती दिवस राहायचं? आईची गोळी संपत आलीय. दार उघडायला हवं. उद्या साडेसहाला मी उठणार, दादाच्या बाजूने पुढे जाणार आणि किचनमध्ये उभं राहून नीट बघणार. मग चार सांगेन. आई, दादा, मी आणि तो. चार माणसं म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं.